शहर निवडताना मंगळवार बघा

शहर बदलायचं ठरलं की माणसं तिथे शनिवार-रविवारी जाऊन येतात. मीही तेच केलं होतं. तळ्याकाठी चालले, मोकळे रस्ते पाहून हरखले, घरभाड्याचा आकडा ऐकून आणखी हरखले आणि परतीच्या प्रवासातच मनातल्या मनात सामान लावायला घेतलं. घराच्या मागे टेकडी होती. पुढच्या चार वर्षांत त्या टेकडीवर मी मोजून अकरा वेळा गेले. नदीवरच्या पुलावर मात्र रोज दोनदा. शहराचे दोन भाग जोडणारा तो एकुलता एक पूल, आणि सकाळी साडेआठला तो ओलांडायला पंचवीस मिनिटं लागायची. आम्ही बघायला गेलो तेव्हा रविवार होता. पूल ओस पडला होता.

यात चुका दोन झाल्या. शहर सुट्टीच्या दिवशी पाहिलं, ही पहिली. दुसरी लक्षात यायला वेळ लागला. पूल आहे एवढं पाहिलं, पण दुसरा आहे का हे विचारलंच नाही. मध्यम आकाराच्या शहरात जवळपास सगळं असतं, फक्त एकेक असतं. एक मोठं रुग्णालय, एक मोठी कंपनी, धड चालणारी एक शाळा, दिवसाला एक थेट विमान. महानगरात एक वाट बंद झाली तर चार फुटतात. लहान गावात मुळात फारशी अपेक्षाच नसते. मधल्या शहरात अपेक्षा असते आणि पर्याय नसतो. म्हणून खाली कितीही पायऱ्या सांगितल्या तरी प्रश्न दोनच आहेत: मंगळवारी कसं असतं, आणि हे बंद पडलं तर दुसरं काय?

आधी आपला मंगळवार लिहून काढा

नकाशा उघडण्याआधी कागद घ्या. गेल्या चार मंगळवारी तुम्ही कुठे गेलात, किती वाजता, कशाने, किती वेळ लागला, ते फोनमधून आणि आठवणीतून उतरवून काढा. घरातल्या प्रत्येकाचा कागद वेगळा. मंगळवारच का, तर त्या दिवसाला काही खास नसतं. सोमवारची घाई नाही की शुक्रवारची ढिलाई नाही. मग प्रत्येक ठिकाणापुढे 'रोज', 'आठवड्याला' किंवा 'अडीअडचणीला' असं लिहा.

हा कागद पहिल्यांदा लिहिला तेव्हा मला जरा ओशाळल्यासारखं झालं. 'आपल्याला नाटकं, प्रदर्शनं लागतात' म्हणून मी महानगराला चिकटून होते, आणि चार मंगळवारांत एकही नाटक नव्हतं. वाचनालय तीनदा होतं. पोहण्याचा तलाव चारदा.

१९९८ साली डॅनियल कानेमन आणि डेव्हिड श्केड या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या आणि मध्यपश्चिम भागातल्या विद्यार्थ्यांना आपापल्या आयुष्याबद्दल विचारलं. समाधान दोन्हीकडे सारखंच निघालं. पण कॅलिफोर्नियातले लोक जास्त सुखी असणार, असं दोन्हीकडच्यांना वाटत होतं, आणि त्याचं मोठं कारण हवा. दुसऱ्या शहराचा विचार करताना जे वेगळं असेल तेच डोळ्यांपुढे येतं. समुद्र दिसतो, डोंगर दिसतो, रोजची धुणीभांडी दिसत नाहीत. मंगळवारचा कागद असतो तो ही धुणीभांडी समोर ठेवायला.

कागदावरून तीन अटी काढा. तीनच. सात काढल्यात तर एकही शहर बसणार नाही आणि शेवटी सगळ्याच अटी मोडून जे आवडलं तेच घ्याल.

मध्यम म्हणजे केवढं, आणि कुठे

ओईसीडी ही मुख्यतः विकसित देशांची संघटना २ ते ५ लाख वस्तीच्या शहरी भागाला मध्यम म्हणते, ५ ते १५ लाखांच्या भागाला महानगर क्षेत्र. हे मोजमाप सोयीचं आहे, पण त्याला फार धरून बसू नका. एका देशात ४ लाखांचं शहर तिसऱ्या क्रमांकाचं असतं, दुसऱ्या देशात ते नकाशावर शोधावं लागतं.

वस्तीपेक्षा जास्त सांगून जातं ते शहराचं स्थान. महानगरापासून पाऊण तासावरचं ३ लाखांचं शहर आणि चारही बाजूंना दीडशे किलोमीटर दुसरं मोठं शहर नसलेलं ३ लाखांचं शहर, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. जर्मन भूगोलज्ञ वाल्टर क्रिस्टालर याने १९३३ सालीच मांडलं होतं की शहर फक्त स्वतःच्या वस्तीला पुरवठा करत नाही, भोवतीच्या सगळ्या मुलखाला करतं. एकटं उभं असलेलं शहर म्हणूनच आपल्या आकारापेक्षा जास्त देतं: विद्यापीठ, न्यायालय, तज्ज्ञ डॉक्टर, विमानतळ, कारण आसपासचे लोक त्यासाठी तिथेच येतात. महानगराच्या सावलीतल्या शहरात हे सगळं 'तिकडे आहेच की' म्हणून उभंच राहत नाही. त्याच्या बदल्यात अडचण आली तर महानगर हाताशी असतं. घरात आजारी माणूस असेल तर मी एकटं उभं असलेलं शहर निवडेन. नोकरीची धाकधूक असेल तर महानगराच्या सावलीतलं.

'राहण्यायोग्य शहरां'च्या याद्या इथे कामाला येत नाहीत. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटची प्रसिद्ध यादी १७३ शहरांची आहे, त्यातली बहुतेक मोठी. मुळात ती कंपन्यांना बाहेरदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्यांचा गैरसोयीचा भत्ता ठरवता यावा म्हणून उपयोगी पडणारी मोजणी आहे. तुमचा मंगळवार त्यात कुठे असणार?

पाच शहरांची यादी करा. त्याहून जास्त शहरांचा नीट अभ्यास होत नाही, हे अनुभवाने सांगते.

पोटापाण्याची चाळणी

ही पायरी सगळ्यात मोठी आहे, कारण बाकीच्या बऱ्याच गोष्टी तिच्यावर उभ्या असतात.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातलं फ्लिंट घ्या. जनरल मोटर्सची स्थापना १९०८ साली इथे झाली आणि शहर तिच्याबरोबर फुगलं. १९६० साली वस्ती जवळपास १,९७,००० होती. मग कारखाने आटले, तशी माणसंही आटली. २०२० च्या जनगणनेत वस्ती ८१,००० वर आली. माणसं गेली की कर जातो, पण जमिनीखालचे पाइप तेवढेच राहतात. तिजोरीत खडखडाट झाला, राज्य सरकारने प्रशासक नेमला, आणि एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवायचा म्हणून शहराचं पाणी फ्लिंट नदीतून घ्यायला सुरुवात झाली. पाइप गंजू नयेत म्हणून मिसळायचं रसायन मिसळलं गेलं नाही. जुन्या पाइपांतलं शिसं नळांतून घराघरांत गेलं. नोकरी एकाच मालकावर टांगलेली असली की संकट कारखान्याच्या फाटकावर थांबत नाही, ते स्वयंपाकघरातल्या नळापर्यंत येतं.

नेदरलँड्समधलं आइंडहोवन याच वाटेने जाऊ शकलं असतं. फिलिप्स तिथे १८९१ साली सुरू झाली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने मोठी कपात केली, १९९३ साली तिथलीच ट्रक बनवणारी डाफ दिवाळखोरीत निघाली, पुढे फिलिप्सने मुख्यालयही अॅमस्टरडॅमला हलवलं. तरी शहर बसलं नाही. १९८४ साली फिलिप्सच्याच भागीदारीतून निघालेली, चिप बनवायची यंत्रं तयार करणारी एएसएमएल शेजारच्या फेल्डहोफेनमध्ये वाढत होती, फिलिप्सची संशोधनाची जागा इतर कंपन्यांना खुली झाली, आणि कौशल्य असलेली माणसं तिथल्या तिथे कामाला लागली. कंपनी गेली, पण तिच्याबरोबर धंदा गेला नाही.

तुमच्यापुरती परीक्षा सोपी आहे. नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर त्या शहराचं नाव आणि आपलं काम टाका. तुम्हाला घेऊ शकतील असे वेगवेगळे मालक मोजा, जागा नव्हेत. एकाच कंपनीच्या वीस जागा म्हणजे एक. तुम्हाला ज्याने बोलावलंय तो सोडून किमान तीन निघाले पाहिजेत. मग हेच जोडीदारासाठी करा. हे काम बहुतेक घरांत होत नाही आणि वर्षभराने त्यावरून कुरबुर सुरू होते.

घरून काम करणाऱ्यांना वाटतं, आपल्याला ही चाळणी लागत नाही. उद्या कार्यालयात परत बोलावलं तर किती तास लागतील, एवढं तरी बघून ठेवा. शहरं आता अशा लोकांना आमिषही दाखवतात. अमेरिकेतल्या टल्सा शहरात २०१८ पासून एका खासगी प्रतिष्ठानाच्या पैशातून, बाहेरून येऊन वर्षभर राहणाऱ्यांना १०,००० डॉलर दिले जातात. मिळत असतील तर जरूर घ्या. फक्त ते वजा करून हिशेब जमत नसेल, तर तो जमत नाही असंच धरा.

डॉक्टर

'रुग्णालय आहे' या उत्तरावर थांबू नका. रक्ताच्या गुठळीने होणाऱ्या पक्षाघातात ती विरघळवणारं औषध सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या हृदयविकाराच्या झटक्यात निदानापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी व्हावी, असं धरतात. म्हणून विचारायचं ते असं: रात्री दोन वाजता सीटी स्कॅन होतं का? कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात तो विभाग, रविवारी चालू असते का? नसेल तर रुग्णाला कुठे हलवतात आणि किती वेळ लागतो?

घरात जो आजार आहे त्याची चौकशी वेगळी करा. माझ्या आईला डोळ्याच्या पडद्याच्या आजारासाठी दर सहा आठवड्यांनी इंजेक्शन लागायचं. त्या पहिल्या शहरात डोळ्यांचा दवाखाना होता, चांगला होता. पडद्याचे तज्ज्ञ मात्र बाहेरून महिन्यातून दोन गुरुवारी यायचे. ते आजारी पडले की गुरुवार बुडाला, आणि आम्ही तीन तासांच्या प्रवासाला निघालो. डोळ्यांचे डॉक्टर आहेत का, हे मी फोन करून विचारलं होतं आणि 'हो' असं खरं उत्तर मिळालं होतं. प्रश्नच अर्धा होता.

अंतर

मध्यम शहरात 'सगळं पंधरा मिनिटांवर' असतं, असं सांगतात. कधी खरं असतं, कधी एखाद्या पुलामुळे खोटं. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केत्ती याने १९९४ साली दाखवायचा प्रयत्न केला की माणूस कुठल्याही काळात रोज साधारण तासभरच प्रवासाला देतो. वाहन वेगवान झालं की घर लांब जातं, तास तेवढाच राहतो. मी तर तो कमाल मर्यादा म्हणून वापरते: जाऊन-येऊन एक तास, त्यापुढे घर कितीही मोठं असलं तरी नको. ब्रूनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या आकडेवारीवरून असंच दाखवलं. लांबून ये-जा करणारे लोक कमी समाधानी निघाले. मोठ्या घराने किंवा जास्त पगाराने त्याची भरपाई झालेली दिसली नाही.

शहराची घडणही बघा. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनने १९७७ साली शहराच्या मध्यभागाचे चार तुकडे केले. गाडीने एका तुकड्यातून थेट दुसऱ्यात जाता येत नाही, बाहेरच्या वळणरस्त्याने जावं लागतं. सायकल आणि चालणारे मात्र सरळ जातात. तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या शहरात हेच अंतर गाडीशिवाय कापणं जिवावर येतं. घरात गाडी न चालवणारं कोणी असेल, लहान मूल असो की म्हातारं माणूस, तर त्या माणसाचा मंगळवार नकाशावर वेगळा आखून बघा.

वाईटातला वाईट महिना

हवामान सरासरीवर बघू नका. अर्थात सरासरी माहीत हवी. ती जागतिक पद्धतीप्रमाणे तीस वर्षांची असते, सध्या १९९१ ते २०२० ची. पण राहायचं असतं ते तिच्या दोन टोकांत. प्रत्येक शहरासाठी सगळ्यात त्रासदायक महिना शोधा आणि त्याचेच आकडे काढा.

हवेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पीएम २.५ या बारीक कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम केली. आधी ती १० होती. जगातली फार थोडी शहरं यात बसतात, त्यामुळे आकडा तुलनेसाठी वापरा. डोंगरांनी वेढलेल्या शहरांकडे जास्त बारकाईने बघा. थंडीत जमिनीलगतची गार हवा खाली साचते, वर उबदार थराचं झाकण बसतं आणि धूर कोंडतो. उन्हाळ्यातल्या फोटोत सुंदर दिसणारी तीच खोरी.

पुराबाबत 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांना फसू नका. त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता, इतकाच. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती जवळपास २६ टक्के होते. पूररेषेचा नकाशा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर त्या वस्तीतल्या जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर जा आणि भिंतीवर पाण्याची खूण कुठवर आहे ते बघा.

पैसे

भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावं, हा नियम सगळीकडे ऐकू येतो. त्याची कुळकथा गमतीची आहे. अमेरिकेत १९६९ साली सरकारी घरांच्या भाडेकरूंकडून उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नये असं ठरलं, १९८१ साली ते ३० झालं, आणि तिथून तो जगभर ब्रह्मवाक्य होऊन बसला. शहरांची तुलना करायला तो कधी बनलाच नव्हता.

मी भाडं आणि प्रवास यांची बेरीज करते. मध्यम शहरात भाडं उतरतं आणि प्रवास चढतो: बससेवा विरळ म्हणून दुसरी गाडी लागते, जुन्या शहरात महिन्यातून एकदा जावंच लागतं, लग्नकार्याला थेट विमान नसतं. या खेपा मोजा. गेल्या तीन महिन्यांचा तुमचा खरा खर्च एका बाजूला लिहा आणि प्रत्येक ओळीपुढे नव्या शहरातला भाव लिहा. पगार कमी होणार असेल तर तोही आजच लिहा. 'तिकडे स्वस्ताई आहे' हे वाक्य या तक्त्यात बहुतेकदा टिकतं, पण ऐकलं होतं त्याच्या निम्मंच.

जाऊन राहा

आता यादीत दोन शहरं उरली पाहिजेत. त्या दोन्हींत प्रत्येकी किमान दहा दिवस राहा, वाईट महिन्यात, भाड्याच्या घरात, जमलं तर काम चालू ठेवून. हॉटेलात राहू नका. तिथे पाणी, वीज, नेट यांची काळजी दुसरं कोणी तरी घेत असतं.

मंगळवारचा कागद बरोबर ठेवा आणि तो दिवस जसाच्या तसा जगून बघा. साडेआठला त्याच दिशेने निघा जिकडे रोज जायचंय. सकाळी सात वाजता, सगळी इमारत अंघोळीला उभी असताना, दहा लिटरची बादली नळाखाली लावा आणि घड्याळ बघा. मिनिटात भरली तर ठीक. तीन मिनिटं लागली तर वरच्या मजल्यावरचं घर विसरा. नेटचा वेग दुपारी बघू नका, रात्री नऊला बघा, आणि डाउनलोडपेक्षा अपलोड; व्हिडिओ कॉलमध्ये आपला चेहरा गोठतो तो त्यामुळे. रात्री खिडकी उघडी ठेवून झोपा. दवाखान्यात फोन करून नवा रुग्ण म्हणून तारीख मागा आणि किती दिवसांनंतरची मिळते ते लिहून ठेवा. शाळेत वर्षाच्या मध्यात जागा आहे का विचारा. रात्रीची शेवटची बस एकदा पकडून घरी या.

शेजाऱ्यांना 'शहर कसं आहे?' असं विचारलं तर 'छान आहे' एवढंच मिळतं. 'गेल्या वर्षी सगळ्यात जास्त वैताग कशाचा आला?' असं विचारा. मला एका आजोबांनी यावर पाऊण तास दिला आणि शेवटी महानगरपालिकेच्या रस्तेखोदाईचं वेळापत्रक वहीतून काढून दाखवलं.

माणसं

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नुकतंच घर बदललेल्या लोकांनाही विचारून, असा अंदाज काढला की ओळखीचं रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला साधारण ५० तास लागतात आणि जवळच्या मैत्रीला २०० हून जास्त. आठवड्याला दोन तास भेट झाली तर जवळच्या मैत्रीला दोन वर्षं. दहा दिवसांच्या मुक्कामात मित्र मिळणार नाहीत. पण ते तास कुठे घालवता येतील, हे दिसू शकतं. दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच माणसांची गाठ पडेल अशी एक जागा शोधा: वाचनालय, गाण्याचा वर्ग, धावणाऱ्यांचा गट. नव्या माणसाला पहिल्याच खेपेला कोणी काही काम सांगितलं तर जागा चांगली आहे असं समजा.

ठरल्यावर

पहिलं वर्ष भाड्यानेच राहा. जुनं घर स्वतःचं असेल तर चारही ऋतू होईपर्यंत विकू नका, जुने डॉक्टर तोडू नका, त्यांच्याकडून सगळे अहवाल मात्र आधीच घ्या. मंगळवारच्या कागदावर वर्षभरानंतरची एक तारीख घाला. त्या दिवशी नवा कागद लिहून शेजारी ठेवायचा.

दुसऱ्यांदा शहर निवडलं तेव्हा आम्ही हे सगळं केलं. त्या शहरात नदीवर तीन पूल आहेत आणि त्यातला एक दुरुस्तीसाठी बंद असताना मुद्दाम गेलो. मंगळवारी साडेआठला निघून कामाच्या जागी पोचायला एकोणीस मिनिटं लागली. पडद्याचे तज्ज्ञ दोन निघाले, दोन वेगळ्या दवाखान्यांत. टेकडी मात्र नाही तिथे.